रक्ती हगवण आणि झाडपाल्याची बाटली

भिवंडीचे नाव निघाले की यंत्रमागांचा खडखडाट आणि महामार्गालगतची गुदामे डोळ्यांपुढे उभी राहतात. त्याच तालुक्याच्या खेड्यांत, तसेच शेजारच्या शहापूर, मुरबाड आणि वाडा या तालुक्यांत, भातखाचरांच्या कडेला लांबट, बाजूंनी जाळी लावलेल्या शेड उभ्या आहेत. शहरी वाचकाचे लक्ष त्यांच्याकडे सहसा जात नाही. या ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेड होत. मुंबई-ठाण्याच्या बाजारात जी कोंबडी विकली जाते तिच्यातील काही भाग येथे वाढलेला असतो, आणि भाताच्या एका पिकावर वर्ष न निघणाऱ्या अनेक कुटुंबांना या शेडने हात दिला आहे. मृगाच्या सरी आल्या की या शेडमध्ये एक जुना रोग डोके वर काढतो. कोंबड्या पिसे फुलवून कोपऱ्यात बसतात, खाणे सोडतात, विष्ठेत रक्त दिसू लागते. पोल्ट्रीवाले त्याला रक्ती हगवण म्हणतात. पशुवैद्यकाच्या पुस्तकात त्याचे नाव कॉक्सिडिओसिस असे आहे.

या रोगाच्या पाठोपाठ शेडच्या दाराशी येते ती झाडपाल्याच्या औषधाची बाटली. ‘संपूर्ण वनस्पतिजन्य’, ‘दुष्परिणाम नाहीत’, ‘अंश उरत नाही’ अशी वचने तिच्यावर छापलेली असतात. या बाटलीविषयी दोन मते ऐकू येतात आणि दोन्ही मोठ्या आत्मविश्वासाने मांडली जातात. आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, रासायनिक औषधांनी माणसांचे आणि जनावरांचे वाटोळे केले, हे एक. झाडपाला म्हणजे निव्वळ भोंदूगिरी, हे दुसरे. दोन्ही पक्षांनी एक कष्ट मात्र टाळले आहेत. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या कोंबड्या शेजारी शेजारी ठेवून मोजदाद करण्याचे ते कष्ट आहेत. ते टाळल्याची किंमत वाद घालणारे देत नाहीत. ती शेडचा मालक देतो.

रोग आहे तरी काय?

हा रोग जिवाणूंचा नाही, विषाणूंचा नाही आणि नेहमीच्या अर्थाने जंतांचाही नाही. आयमेरिया नावाच्या एकपेशीय परोपजीवीमुळे तो होतो. कोंबडीत त्याच्या सात प्रमुख जाती मानल्या जातात आणि आतड्याचा कोणता भाग पोखरायचा हे प्रत्येकीचे ठरलेले असते. आयमेरिया अॅसर्व्ह्युलिना आतड्याच्या वरच्या भागात वस्ती करते, मॅक्झिमा मधल्या भागात. टेनेला ही जात लहान आतड्याच्या शेवटी असणाऱ्या दोन बंद टोकांच्या नळ्यांत, म्हणजे अंधांत्रांत, घर करते. ताजे रक्त पडते ते मुख्यतः हिच्यामुळे.

आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून या परोपजीवीचे बीजकोष बाहेर पडतात. बाहेर पडताक्षणी ते निरुपद्रवी असतात. ओल, हवा आणि ऊब या तीन गोष्टी मिळाल्या, की एक-दोन दिवसांत ते पिकतात आणि मग दुसऱ्या पक्ष्याच्या पोटात गेल्यास रोग निर्माण करू शकतात. पिकण्याला सर्वांत मानवणारे तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस, म्हणजे कोकणपट्टीतील पावसाळ्याचे तापमान. ब्रॉयलर कोंबड्या आपल्याकडे बहुधा गादी पद्धतीने वाढवल्या जातात. जमिनीवर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरायचा आणि पिल्ले त्यावर सोडायची. वाडा कोलमच्या या मुलखात तुसाला तोटा नाही. पण हेच तूस ओले झाले की बीजकोषांचे संगोपनगृह बनते. कोंबडी चोच मारीत तेच उकरते आणि गिळते.

गिळलेल्या एका पक्व बीजकोषातून आठ सूक्ष्म जंतू सुटतात. ते आतड्याच्या पेशींत शिरून वाढतात, पेशी फोडून बाहेर येतात आणि नव्या पेशींत शिरतात. हे चक्र ठरावीक आवर्तनांनंतर आपोआप थांबते. चार ते सात दिवसांत नवे बीजकोष विष्ठेत दिसू लागतात आणि तो हल्ला तेथे संपतो. टेनेलाच्या बाबतीत रक्तस्राव चौथ्या-पाचव्या दिवशी होतो. याचा अर्थ असा, की शेडवाल्याला रक्त दिसते तेव्हा हानी होऊन गेलेली असते आणि जो पक्षी तगून राहिला त्याच्या शरीरातील जंतूंची वाढ स्वतःच संपत आलेली असते. ही गोष्ट बाटलीचा विचार करताना फार महत्त्वाची ठरते.

रक्त पडून पक्षी मेले तर निदान रोग कळतो. पण मोठे नुकसान न दिसणाऱ्या रूपात होते. वरच्या आतड्यातील जाती सहसा रक्त पाडीत नाहीत. त्या आतड्याची शोषणशक्ती तेवढी घटवतात. पक्षी जिवंत राहतो, खातोही, पण खाल्लेले अंगी लागत नाही. ब्रिटनमधील संशोधकांच्या पुढाकाराने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबाने या रोगापायी जगभरच्या कोंबडीपालनाला बसणारा फटका २०१६ च्या दरांनुसार वर्षाला सुमारे १,०४० कोटी पौंड इतका धरला आहे. त्यातील मोठा वाटा मेलेल्या कोंबड्यांचा नसून वाढ खुंटलेल्या कोंबड्यांचा आणि वाया गेलेल्या खाद्याचा आहे.

हिशेब कोणाच्या माथी?

आज महाराष्ट्रातील पुष्कळसे ब्रॉयलरपालन करार पद्धतीने चालते. कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे देते. शेतकऱ्याने शेड, वीज, पाणी, तूस आणि घरच्या माणसांचे श्रम द्यायचे, आणि सुमारे सहा आठवड्यांनी पक्षी उचलले गेले की प्रतिकिलो मोबदला घ्यायचा. हा मोबदला मरतुकीवर आणि खाद्याच्या रूपांतरावर, म्हणजे एक किलो वजनासाठी किती किलो खाद्य लागले यावर, कमीजास्त होतो. पाच हजार पक्ष्यांची बॅच धरावी. प्रत्येकाचे वजन दोन किलो, म्हणजे एकूण दहा हजार किलो. रूपांतर १.६ ऐवजी १.७ आले तर एक हजार किलो खाद्य जादा गेले, पन्नास किलोंच्या वीस गोण्या. शेडमध्ये एकही पक्षी मेलेला नसताना हे घडू शकते. हिशेबाचा कागद हाती येतो तेव्हा कापलेल्या रकमेमागे कोणता रोग होता हे त्यावर लिहिलेले नसते.

पावसाळ्यातील बॅच तर आणखी नाजूक. आषाढ संपता संपता मांसाहाराला जी भरती येते, ती गाठण्यासाठी शेडी भरलेल्या असतात. पुढे श्रावणात मागणी उतरते. म्हणजे ज्या बॅचवर अधिक आशा तिलाच ओल अधिक. जो शेतकरी स्वतःच्या भांडवलावर पक्षी वाढवतो त्याची स्थिती याहून कठीण, कारण तेथे खाद्याच्या वीस गोण्या थेट त्याच्या खिशातून जातात. अशा वेळी कोणी बाटली पुढे केली तर तो ती घेतो. त्याला अंधश्रद्ध म्हणून हिणवणाऱ्यांनी त्याच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे.

रासायनिक औषधांची कथा

रासायनिक औषधांनी या धंद्याला आधार दिला हे मान्य केलेच पाहिजे. १९३९ मध्ये अमेरिकेत पी. पी. लेव्हाइन यांनी सल्फा औषध या रोगावर चालते असे दाखवून दिले. १९४८ मध्ये सल्फाक्विनॉक्झलिन खाद्यातून देण्यास सुरुवात झाली. रोग झाल्यावर उपचार करण्याऐवजी रोजच्या खाद्यातच औषध मिसळायचे, ही कल्पना तेव्हापासून रुजली, आणि हजारो पक्षी एका छपराखाली ठेवणे तिच्यामुळे शक्य झाले. पुढे १९६० च्या सुमारास अॅम्प्रोलियम आले, १९७१ मध्ये मोनेन्सिन बाजारात आले, आणि सॅलिनोमायसिनसारखी त्याच कुळातील औषधे मागोमाग आली. आयमेरियाही स्वस्थ बसला नाही. औषध सतत पोटात जात राहिले की त्याला न जुमानणारे वाण टिकतात आणि वाढतात. काही औषधे थोड्याच वर्षांत बोथट झाली. म्हणून औषधांची पाळी बदलत राहण्याची पद्धत पडली, आणि ती अजून चालू आहे.

ही औषधे निर्धोक आहेत असेही नाही. मोनेन्सिन कोंबडीला चालते, पण चुकून घोड्याच्या खाद्यात गेले तर अल्प मात्रेतही घोडा मरतो. सॅलिनोमायसिन चालू असताना टियाम्युलिन नावाचे प्रतिजैविक दिले तर कोंबड्या लुळ्या पडतात, मरतातही. लसी आहेत, परंतु त्यांनी येणारी प्रतिकारशक्ती हळूहळू पक्की होते, आणि सहा आठवड्यांच्या आयुष्यात तेवढी सवड काढणे शेडवाल्याला महागात पडते.

या साऱ्यात ग्राहकाच्या मनातील भीतीची भर पडली आहे. ती अकारण नाही. युरोपीय संघाने वाढ होण्यासाठी प्रतिजैविके खाद्यात घालणे २००६ पासून बंद केले. भारत सरकारने २०१९ मध्ये कोलिस्टिन या अखेरच्या फळीतील औषधाचा अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापर करण्यास मनाई केली. मात्र या चर्चेत एक घोटाळा नेहमी होतो. कोलिस्टिनचा आणि रक्ती हगवणीचा संबंध नाही; ते जिवाणूंवरचे औषध आहे. मोनेन्सिनसारख्या औषधांना अमेरिकेत प्रतिजैविक म्हणतात, तर युरोपात त्यांची गणना खाद्यात मिसळण्याच्या आयमेरियाविरोधी द्रव्यांत होते आणि तेथे ती आजही वापरली जातात. वनस्पतिजन्य बाटलीचा विक्रेता ही सर्व नावे एकाच गाठोड्यात बांधतो आणि त्या भीतीवर आपला माल खपवतो.

वनस्पतींचा पक्ष

असे असले तरी वनस्पतींचा पक्ष दुबळा मानण्याचे कारण नाही. सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन आले, इपेकॅकच्या मुळातून आमांशावरील एमेटिन आले. दोन्ही रोग एकपेशीय परोपजीवींचेच. त्यातही आयमेरिया हा हिवतापाच्या परोपजीवीचा दूरचा भाऊबंद आहे; दोघे एकाच मोठ्या गटात मोडतात. त्यामुळे हिवतापावर चालणाऱ्या वनस्पतींकडे कोंबडीसाठी वळून पाहणे ही शास्त्राला धरूनच असलेली गोष्ट आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण चांगशान या झुडपाचे. चीनमध्ये हिवतापावर ते शतकानुशतके वापरात होते. हिमालयाच्या उतारांवरही ते उगवते. त्यातील फेब्रिफ्यूजिन हे द्रव्य हिवतापाला रोखते, पण माणसाला इतक्या उलट्या होतात की औषध म्हणून ते चालेना. रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूत फेरफार करून हॅलोफ्युजिनोन तयार केले. कोंबडीच्या खाद्यात टनाला अवघे तीन ग्रॅम एवढ्या मात्रेत ते रक्ती हगवणीवर चालते आणि अनेक देशांत त्याला परवाना मिळाला. म्हणजे या रोगावरील एका नामांकित ‘रासायनिक’ औषधाचे मूळ झुडपातच आहे. ते झुडपाच्या काढ्यापाशी थांबले नाही. कोणते द्रव्य काम करते, किती मात्रेत करते आणि कोणत्या मात्रेपासून विष ठरते, हे मोजूनच ते शेडपर्यंत आले.

दुसरी वनस्पती आर्टेमिसिया अॅनुआ. ज्योतिबाला वाहिल्या जाणाऱ्या आपल्या दवण्याची ही दूरदेशीची बहीण. मात्र दवणा म्हणजे ती नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. तिच्यापासून मिळणाऱ्या आर्टेमिसिनिनने हिवतापावरील उपचार पालटले आणि त्या शोधासाठी तू यूयू या चिनी संशोधिकेला २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोंबड्यांवर या वनस्पतीचा प्रयोग अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी केला आणि १९९७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खाद्यात पाच टक्के वाळलेली पाने तीन आठवडे दिल्यावर टेनेलामुळे होणाऱ्या जखमा लक्षणीय प्रमाणात कमी झाल्या. अॅसर्व्ह्युलिना आणि मॅक्झिमा या जातींवर मात्र त्या पानांचा परिणाम दिसला नाही. त्याच संशोधकांनी पुढे हळदीची परीक्षा घेतली तेव्हा चित्र जवळजवळ उलटे निघाले. खाद्यात एक टक्का हळद वरच्या आणि मधल्या आतड्यातील रोगाला काहीशी उपयोगी पडली, टेनेलाला नाही. ग्रीसमध्ये २००३ साली ओरेगॅनो या वनस्पतीच्या तेलाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ते तेल दिलेल्या कोंबड्या काहीच न दिलेल्या रोगी कोंबड्यांपेक्षा सरस ठरल्या, पण नेहमीचे औषध दिलेल्यांच्या मागे राहिल्या. आपल्या ओव्यातील थायमॉल हे द्रव्य याच तेलातील प्रमुख द्रव्यांचे सख्खे भावंड असल्याने हा निष्कर्ष येथेही विचार करण्याजोगा आहे.

या तीन प्रयोगांवरून वनस्पती निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणू शकणार नाही, आणि कोणतीही एक वनस्पती सातही जातींना पुरून उरते असेही म्हणता येणार नाही. पाच टक्के पाला खाद्यात घालणे शेडवाल्याला परवडेल काय, हा आणखी वेगळा प्रश्न.

आपल्याकडे रक्तातिसारावर कुड्याच्या सालीचे नाव सर्वप्रथम घेतले जाते, आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांत तिला मानाचे स्थान आहे. तिच्यावरून कोंबडीकडे उडी मारणे सोपे वाटते, कारण दोन्हीकडे रक्त दिसते. परंतु लक्षण सारखे म्हणून कारण सारखे होत नाही. माणसाचा आमांश अमीबाने किंवा जिवाणूने होतो. कोंबडीची रक्ती हगवण आयमेरियाने. कुडा कोंबडीला उपयोगी पडेलही, पण ते कोंबडीतच पाहावे लागेल. वावडिंग आणि पळसाचे बी यांची गोष्ट आणखी निराळी. ती जंतांवरची औषधे म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि जंत हा डोळ्यांना दिसणारा बहुपेशीय प्राणी आहे. ‘पोटातील कीड’ या एका शब्दात दोघांना कोंबून जंताचे औषध रक्ती हगवणीवर विकणे, हे अज्ञान असेल तर दुरुस्त करता येईल; जाणूनबुजून असेल तर त्याला दुसरे नाव आहे.

परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. शालिहोत्राचे शास्त्र घोड्यांचे, पालकाप्याचे हत्तींचे. एका छपराखाली, एका चौरस फुटाला एक या दाटीने, सहा आठवडे वाढवलेल्या पाच हजार पक्ष्यांचे शास्त्र त्या ऋषींना सांगण्याचे कारणच पडले नव्हते. यात त्यांचे उणे काही नाही. त्यांनी न सांगितलेले त्यांच्या नावावर खपवणे हे मात्र त्यांच्याशी बेइमानी करणे होय.

गुण आला, पण कशाचा?

बाटलीचा अनुभव सांगणारे शेतकरी खोटे बोलत नाहीत. औषध पाण्यातून दिले, तीन दिवसांत रक्त थांबले, राहिलेले पक्षी खाऊ लागले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. परंतु वर सांगितलेले चक्र येथे आठवावे. रक्त दिसल्यानंतर दोन-तीन दिवसांत ते थांबणे हा या रोगाचा स्वभावच आहे. जे मरायचे ते तोपर्यंत मेलेले असतात. उरलेल्यांत त्या जातीविरुद्ध प्रतिकारशक्तीही आलेली असते. त्या तीन दिवसांत काढा दिला, गूळपाणी दिले किंवा शेडच्या दाराला लिंबू-मिरची बांधली, तरी गुण आल्यासारखे दिसणारच. हाच आक्षेप रासायनिक औषधाच्या बाजारी प्रशस्तिपत्रांनाही लागू आहे, हे न्यायाने म्हटले पाहिजे.

त्यात दुसरा गुंता असा, की तयार खाद्याच्या गोणीत पुष्कळदा आयमेरियाविरोधी औषध आधीच मिसळलेले असते. करारावर पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे नाव आणि प्रमाण माहीत असतेच असे नाही. खाद्यातून सॅलिनोमायसिन आणि पाण्यातून काढा असे दोन्ही चालू असताना श्रेय मात्र ज्याचे पैसे वेगळे मोजले त्या काढ्याला मिळते. बॅच बिघडली तर दोष पावसाला.

बाटलीवर काय लिहिलेले असते तेही पाहण्यासारखे आहे. वनस्पतींची नावे असतात, पण पान की साल की बी, कोणत्या ऋतूत काढलेले, आणि कार्यकारी द्रव्य किती टक्के, यांविषयी बहुधा मौन असते. वनस्पतीतील द्रव्याचे प्रमाण वाण, जमीन, तोडणीचा काळ यांप्रमाणे बदलते. आर्टेमिसियातील आर्टेमिसिनिन नाममात्र अंशापासून एक टक्क्याच्या वरपर्यंत आढळते. मग एका बाटलीने आलेला गुण दुसऱ्या बाटलीने यावा तरी कसा? ‘दुष्परिणाम नाहीत’ हे वाक्य तर सर्वांत धाडसाचे. कुचला आणि धोतरा याही वनस्पतीच आहेत, आणि चांगशानच्या उलट्यांचा उल्लेख वर आलाच आहे.

कायदा याबाबत अगदी मुका नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांविषयीच्या १९४० च्या कायद्यातील आयुर्वेदिक औषधाच्या व्याख्येत माणसांबरोबर जनावरांच्या औषधांचाही समावेश आहे. पण तीच वस्तू ‘पूरक खाद्य’ म्हणून विकली की औषधाचे बंधन सैल पडते, आणि रोग बरा होतो हे वाक्य लेबलावरून उतरून विक्रेत्याच्या तोंडी जाते. तोंडी वाक्याची झडती कोणी घेत नाही.

कोरडे तूस

या सगळ्या वादात जो उपाय झाडपाल्याचाही नाही आणि कारखान्याचाही नाही तो मागे पडतो. गादीतील ओल वीस-पंचवीस टक्क्यांच्या आत राहिली तर बीजकोष पिकण्याला आळा बसतो. वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या प्रदेशात हे सोपे नाही. तरीही छपराच्या पन्हळी बाहेर काढणे, वाऱ्याच्या बाजूचे पडदे पावसाच्या झडीपुरते सोडून मग पुन्हा उघडणे, गळकी पाण्याची भांडी बदलणे, त्यांच्याखालचे भिजलेले तूस रोज उचलणे, गादी हलवून तिच्यात चुना मिसळणे, आणि दोन बॅचेसमध्ये शेड खरवडून काही दिवस मोकळी ठेवणे, ही कामे माणसाच्या आवाक्यातील आहेत. नेहमीच्या जंतुनाशकांना बीजकोष दाद देत नाहीत. त्यामुळे फिनाइलचा वास आला म्हणजे शेड स्वच्छ झाली, ही समजूत सोडलेली बरी. अमोनिया त्यांना मारतो, पण तो माणसाच्या डोळ्यांना आणि कोंबडीच्या फुप्फुसांनाही सोडत नाही, म्हणून त्याचा उपयोग रिकाम्या शेडमध्ये, जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावा.

तूस कोरडे ठेवण्याची जाहिरात कोणी करीत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही. करारदार कंपन्यांचे पर्यवेक्षक हा उपदेश शेतकऱ्याला करतात, तो योग्यच आहे. त्यांनी त्याबरोबर गोणीवर औषधाचे नाव आणि प्रमाण मराठीत छापावे, आणि पावसाळ्याच्या बॅचमध्ये पिल्लांची संख्या थोडी कमी ठेवून त्याची झळ मोबदल्यात सोसावी, असा आग्रह शेतकऱ्यांनीही धरला पाहिजे.

परीक्षा कोणी घ्यावी?

वनस्पतिजन्य औषधांचे लहान उत्पादक एक तक्रार करतात. प्रयोगांचा खर्च आम्हाला झेपणार नाही. परीक्षेची सक्ती केली तर बड्या औषध कंपन्यांचेच फावेल. तक्रारीत तथ्य आहे. परंतु तिचे उत्तर परीक्षा रद्द करणे हे नव्हे; ती सार्वजनिक संस्थांनी घ्यावी, हे आहे. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे आणि भिवंडीपासून फार दूर नाही. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली स्थापन झाले. परोपजीवीशास्त्र हा तेथील अभ्यासक्रमाचाच भाग आहे, आणि दरवर्षी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवाच असतो. यातील किती प्रबंध शेडपर्यंत पोचतात, हे त्या संस्थांनीच स्वतःला विचारावे. इंग्रजीत बांधलेला प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात आणि मराठीत छापलेली बाटली शेतकऱ्याच्या हातात, अशी वाटणी आज झालेली आहे.

माणसाच्या औषधाची परीक्षा वर्षानुवर्षे चालते. ब्रॉयलरचे सारे आयुष्यच सहा आठवड्यांचे. मृगात टाकलेल्या पिल्लांचा निकाल आषाढाच्या अमावास्येपर्यंत हाती येऊ शकतो. एकाच उबवणीची पिल्ले, एकच शेड, तिचे जाळीने पाडलेले कप्पे. काहींना औषधाविना खाद्य, काहींना नेहमीचे रासायनिक औषध, काहींना बाटलीतील काढा, आणि कोणत्या कप्प्यात काय चालले आहे हे मोजणाऱ्याला ठाऊक नको. दर आठवड्याला वजन आणि खाद्य मोजायचे, विष्ठेच्या एका ग्रॅममध्ये बीजकोष किती ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, मेलेल्या पक्ष्याचे आतडे उघडून जखमांना गुण द्यायचे. कोणती जात होती त्याचीही नोंद हवी, कारण हळदीचा आणि आर्टेमिसियाचा धडा तोच आहे. निकाल उत्पादकाच्या बाजूने लागला तर त्याच्या बाटलीवर तो आकड्यांसह छापण्याची मुभा असावी. विरुद्ध लागला तर तो पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या फलकावर, उत्पादनाच्या नावासह, मराठीत लागावा. उत्पादकांपैकी किती जण अशा प्रयोगासाठी आपल्या बाटल्या द्यायला तयार होतात, हे पुढच्या पावसाळ्यापूर्वी विचारून घेण्यास शासनाच्या पशुसंवर्धन खात्याला काही अडचण दिसत नाही.